रंगीत पेन्सिलीची व्यक्तिचित्रं : आपल्या माणसांचा रंग कागदावर कसा आणता?

कागदपेन्सिल

नमस्कार मंडळी.

रंगीत पेन्सिलीने चेहरा काढताना नाक-डोळे जुळवणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग. त्याला ग्राफच्या चौकटी आहेत, सराव आहे, आणि रेघ वाकडी गेली तर खोडरबर आहे. कातडीच्या रंगाला यातलं काही कामी येत नाही. शाळेतली पोरं डब्यातल्या ज्या कांडीला 'स्किन कलर' म्हणतात ती पीच रंगाची असते. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने आपल्या खडूवरचं 'फ्लेश' हे नाव 1962 सालीच बदलून 'पीच' केलं. आपल्याकडे मात्र पोरं आजही आजीचा चेहरा त्याच कांडीने रंगवतात, आणि आजी शेजारी बसलेली असते.

माझी जुनी-नवी व्यक्तिचित्रं मी नुकतीच भिंतीला टेकवून ओळीने लावली आणि चार पावलं मागे जाऊन पाहिली. कुणाचं नाक कसं झालंय याकडे लक्षच गेलं नाही. काही चेहरे लांबूनही माणूस म्हणून उभे राहतात आणि काही जवळ गेल्याशिवाय ओळखू येत नाहीत, आणि हा फरक बहुतेक ठिकाणी रंगाचा आहे असं दिसलं.

सगळ्यात चांगलं उभं राहिलेलं चित्र सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, राहणाऱ्या एका मावशींचं आहे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, डाव्या हातात कापलेलं तेंदूपान, नजर पानावर. दाराशी बसल्या होत्या, त्यामुळे उजेड एकाच बाजूने. त्यांचा रंग मी असा बांधला : आधी सगळीकडे क्रीमचा अगदी हलका थर, त्यावर बर्न्ट ऑकर, मग बर्न्ट सिएना (हे दोन्ही मातीचे रंग), मग वॉलनट ब्राऊन. सावलीच्या बाजूला तपकिरी वाढवत नेला नाही, तिथे डार्क इंडिगो, म्हणजे गडद निळा, घातला. हनुवटीखाली किंचित ऑलिव्ह, कारण साडी हिरवी होती आणि तिची झाक गळ्यावर चढली होती. गालाच्या हाडावरचा चकाकता ठिपका पांढरा नाही, निळसर राखाडी आहे. तो बाहेरच्या आकाशाचा उजेड. सावळ्या कातडीवर आकाशाचा उजेड असा थंड होऊन दिसतो. युट्यूबवरचे बहुतेक धडे गोऱ्या चेहऱ्यांचे असतात, त्यात गाल गुलाबी करायला सांगतात आणि हा निळा कुणी दाखवतच नाही.

बोटांची टोकं मात्र चेहऱ्यापेक्षा वेगळ्याच रंगाची निघाली. पिवळट, थोडी धुरकट, नखांच्या कडेला जवळजवळ पानाच्याच रंगाची. तो हात काढायला चेहऱ्याहून जास्त वेळ लागला, आणि मला विचाराल तर त्या चित्रात मावशी जास्त हातातच आहेत.

आता जे मनात सलतं ते. मी थोडीफार ऑर्डरची चित्रंही करते. बहुतेक वेळा गेलेल्या माणसाचं चित्र हवं असतं आणि हातात असतो ओळखपत्रावरचा नाहीतर लग्नाच्या अल्बममधला फोटो. आणि निघताना दारात एक वाक्य असतंच : "रंग जरा उजळ घ्या." मी ते करत नाही. सरळ सांगते की नाही जमणार, दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. सोलापूरच्या उन्हात आयुष्य काढलेल्या माणसाचा रंग त्या उन्हाने बनवलेला असतो. माणूस गेल्यावर निदान तो तरी त्याचा त्याच्याकडे राहावा, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही आपल्या माणसांचा रंग कसा बांधता? आणि स्वतःची चित्रं काही वर्षांनी परत पाहताना तुम्हाला आधी काय दिसतं?

बार्शीचे_ड्रॉइंग_सर

ताई, चित्र फार मनापासून केलेलं आहे. हातांबद्दल लिहिलंत ते अगदी खरं.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवण्यात माझी नोकरी गेली, तेव्हा त्या अनुभवातून एक भर घालतो. मुलं रंगाला भीत नाहीत, गडदपणाला भितात. डबा कितीही मोठा आणा, पेन्सिल हलकीच चालते. त्यामुळे सावळा चेहरा मधल्याच कुठल्यातरी छटेवर थांबतो, आणि मग केस-भुवयांना काळी कचकचीत रेघ मारून चेहरा 'उठवायचा' प्रयत्न होतो. वास्तविक सावळ्या चेहऱ्यात सावलीची बाजू आणि केस यांच्यात अंतर फार कमी असतं. कानामागे तर कातडी कुठे संपली आणि केस कुठे सुरू झाले हे कळत नाही. ते कळू नये असंच काढायचं. तिथे रेघ मारली की चेहऱ्याचा मुखवटा होतो.

मी मुलांना फोटोची काळी-पांढरी प्रत काढून शेजारी ठेवायला लावायचो. आधी गडद-फिकं जुळवा, रंग नंतर. गडद-फिकं बरोबर असेल तर तपकिरीऐवजी जांभळा वापरला तरी माणूस ओळखू येतो.

आणि म्हैसूरला गेलात तर जगनमोहन पॅलेसमध्ये चित्रकार हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' बघून या. हातात समई घेतलेली मुलगी. 1945 च्या सुमाराचं जलरंगातलं काम आहे. ज्योतीपुढे धरलेल्या बोटांमधून उजेड लाल होऊन आरपार येतो. माध्यम वेगळं असलं तरी कातडीतून उजेड कसा जातो हे तिथे डोळ्यांना कळतं. कान मागून उन्हात असला की तुमच्या पेन्सिलीलाही तोच लाल लागणार.

जेकार्ड

मी सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला. वडील चादरीच्या डिझाइनचं काम करायचे. लहानपणी घरात कागद म्हणजे ग्राफपेपरच. एकेक चौकट म्हणजे धाग्याची एकेक उचल. त्यावर रंग भरून झाला की त्याप्रमाणे जेकार्डची (मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राची) कार्डं पंच व्हायची, आणि मग मागावर तो मोर किंवा ते फूल उतरायचं. सोलापुरात मागावर माणसांचे चेहरे विणलेली वॉल हँगिंगही होतात, बघितली असतील तुम्ही.

विणलेला चेहरा जवळून बघा की ओ. त्यात तपकिरी धागा कमीच असतो. तांबडा असतो, काळा असतो, पिवळा असतो, आणि चार हातांवरून आपला डोळा त्याचा तपकिरी करतो. ताई, तुमचे ऑकर, सिएना आणि इंडिगोचे थर वाचताना मला आमचे तेच ताणा-बाणा, उभे-आडवे धागे, आठवले. पेन्सिलीतही एक रंग दुसऱ्यात विरघळत नाही, वरच्या थराच्या रेघांमधून खालचा दिसत राहतो. म्हणून मी थर घोटून गुळगुळीत करायचं आता जवळजवळ सोडलंय. घोटलं की रेघा बुजतात आणि चेहरा प्लास्टिकचा दिसायला लागतो.

सध्या मी पण वडिलांचंच काढूलालो. त्यांच्याच जुन्या ग्राफपेपरवर. चौकटी आयत्या मिळाल्या.

कागदपेन्सिल

सर, कानामागच्या कडेचं वाचलं आणि उठून माझी चित्रं त्याच नजरेने पाहिली. जिथे कड हरवलेली आहे तिथे डोकं गोल वाटतं, हे आता नीट कळलं.

जेकार्ड दादा, घोटण्याबद्दल पूर्ण सहमत नाही. तेलकट गालाला, ओठाला, डोळ्याच्या ओलाव्याला घोटलेला थर लागतो. सगळा चेहरा घोटला तर मात्र तुम्ही म्हणता तसंच होतं. मावशींच्या चित्रात फक्त नाकाचा शेंडा आणि खालचा ओठ घोटलाय, बाकी कागदाचा दाणा उघडा ठेवलाय. ग्राफपेपरवरचं चित्र झालं की इथे नक्की टाका. निळ्या चौकटी खोडू मात्र नका.

सातरस्ता

काकू, तुमचं ते नंदीध्वजवाल्यांचं चित्र मी पाहिलंय. पांढरी बाराबंदी पांढऱ्या कागदावर कशी काढलीत? मी गड्ड्याच्या यात्रेत काढलेल्या फोटोवरून सुरुवात केली, पण कपडा नुसता राखाडी आणि मळका दिसायला लागलाय.

कागदपेन्सिल

@सातरस्ता, हा माझ्या फार आवडीचा विषय, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांच्या, म्हणजेच गड्ड्याच्या, यात्रेत सात नंदीध्वज (उंच काठ्या) निघतात आणि ते पेलणारे पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंदांच्या अंगरख्यात, असतात. म्हणजे चित्रात उन्हाने रापलेला चेहरा आणि भर उन्हातला पांढरा कपडा एकमेकांना लागून येतात. चेहरा पुरेसा गडद केला नाही तर कपडा पांढरा दिसतच नाही. तुझा कपडा मळका दिसतोय तो बहुधा या कारणाने. आधी चेहरा पूर्ण कर, मग कपड्याकडे बघ. निम्मं काम आपोआप झालेलं असेल.

उरलेल्या निम्म्याला राखाडी पेन्सिल हातात घेऊच नकोस. उन्हातल्या पांढऱ्या कपड्याची सावली निळसर असते, कारण सूर्य जिथे पोचत नाही तिथे आकाशाचा उजेड पोचतो. आणि चुणीच्या आतल्या बाजूला ती ऊबदार होते, कारण तिथे शेजारच्या कापडावरून उजेड उसळून येतो. मी बाहेरच्या सावलीला फिकट निळा आणि त्यावर किंचित जांभळा वापरला, चुणीच्या पोटात क्रीम आणि अगदी थोडा ऑकर. गळ्याजवळ तर कपड्याला कातडीचाच तांबूस रंग लागतो. जिथे थेट ऊन पडलंय तिथे कागद कोरा. पांढरी पेन्सिल नाही, जेल पेन नाही, काही नाही. पेन्सिलीच्या कामात कोऱ्या कागदासारखा पांढरा दुसरा नाही, आणि तो एकदा झाकला की परत येत नाही, म्हणून त्या जागा आधीच हलक्या हाताने आखून ठेवायच्या.

बाराबंदीचे बंद मी बोथट सुईने आधी कागदात दाबून घेतले होते. वरून पेन्सिल आडवी फिरवली की दाबलेली रेघ कोरीच राहते. म्हाताऱ्या माणसांच्या पांढऱ्या मिशांनाही हीच युक्ती.

वडिलांची_मुलगी

मी चित्र काढत नाही. इथे नेहमी वाचते. पण "रंग जरा उजळ घ्या" हे वाक्य मी स्वतः एका चित्रकाराला म्हटलेलं आहे, म्हणून लिहायचं ठरवलं.

माझे वडील शेवटची काही वर्षं किडनीच्या आजाराने आजारी होते. डायलिसिस चालू होतं. त्या काळात त्यांचा चेहरा काळवंडला. मूळचा त्यांचा रंग सावळाच, पण तो वेगळा होता, त्यात तांबूसपणा होता. आमच्याकडे नीट, मोठे असे फोटो त्या आजारपणातलेच निघाले, कारण मोबाइल तेव्हाच घरात आले. आईला भिंतीवर तो चेहरा नको होता. तिला ते गोरे व्हायला नको होते, आजाराच्या आधीचे हवे होते. पण हे सगळं दुकानात उभं राहून कसं सांगणार? मी "उजळ करा" म्हणाले. आणि चित्रकाराने खरोखर गोरं करून दिलं. आई आता त्या चित्राला हार घालते, पण त्याच्याकडे बघत नाही.

ताई, तुम्ही नकार देता ते तुमच्या जागी योग्य असेल. पण नकार देण्याआधी एकदा विचारत जा, एवढीच विनंती.

कागदपेन्सिल

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती आणि मलाही ती विचारायला सुचली नव्हती. यापुढे ऑर्डर घेताना घरच्यांना समोर बसवून विचारेन की हा फोटो कधीचा, तेव्हा तब्येत कशी होती, आणि तुम्हाला माणूस कुठल्या वयाचा आठवतो.

गोरं करून देण्याला मात्र माझा विरोध पहिल्याइतकाच आहे. किंबहुना तुमच्या आईंचं वाचून तो वाढला. तांबूसपणा परत आणणं आणि गोरं करणं यात पेन्सिली वेगळ्या लागतात, हात वेगळा चालतो. आजारातल्या चेहऱ्याचा राखाडी-पिवळट थर काढून तिथे सिएना आणि थोडा विटकरी आणला तर गडदपणा तेवढाच राहतो आणि माणूस बरा दिसतो. सर वर म्हणाले तेच, गडद-फिकं न हलवता रंग बदलायचा.

तुम्हाला आईंसाठी ते चित्र पुन्हा करून हवं असेल तर मी आनंदाने करेन. पैशांचा विषय काढू नका.

बार्शीचे_ड्रॉइंग_सर

मुली, हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. मीही अशी चित्रं पुष्कळ केली. कुणालाच विचारलं नाही.

नवशिकी_विजापूररोड

मी अगदीच नवीन आहे, प्रश्न बाळबोध वाटले तर माफ करा. पेन्सिली कुठल्या घेऊ? आणि मी मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून सगळ्यांची नाकं मोठीच येतात, असं का?

सातरस्ता

नाकाचं मी सांगतो. फार जवळून फोटो काढल्यावर तसं होतं. नाक कॅमेऱ्याला कानापेक्षा जवळ असतं, त्यामुळे ते फुगतं आणि कान मागे पळतात. पाच-सहा फूट लांब उभं राहून दुप्पट झूम करून काढ. आणि फ्लॅश बंद. फ्लॅशने चेहऱ्यावरची सगळी सावली जाते, मग काढायला उरतंच काय?

कागदपेन्सिल

पेन्सिलीबद्दल थोडक्यात. दोन जाती असतात, मेणाच्या आणि तेलाच्या. प्रिझ्माकलर प्रीमियर मेणाची, मऊ, रंग पटकन बसतो. फॅबर-कॅसलची पॉलिक्रोमॉस तेलाची, जरा कडक, टोक टिकतं, थर जास्त चढतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. त्या दिवसांत मेणाची पेन्सिल आणखी मऊ पडते आणि पापणीसारखी बारीक रेघ तिने निघत नाही. म्हणून उन्हाळ्यात मी तेलाचीच वापरते. मेणाचा थर जाड झाला की काही दिवसांनी त्यावर पांढुरकी साय येते. घाबरायचं नाही, मऊ फडक्याने अलगद पुसली की जाते, आणि वरून फिक्सेटिव्ह (रंग पक्का करणारा फवारा) मारला की सहसा परत येत नाही.

मोठा डबा लगेच घेऊ नकोस. सुट्या मिळतात. मला चेहऱ्यासाठी सतत लागणाऱ्या पॉलिक्रोमॉसमधल्या म्हणजे बर्न्ट ऑकर 187, बर्न्ट सिएना 283, वॉलनट ब्राऊन 177 आणि डार्क इंडिगो 157. शिवाय एक क्रीम. एवढ्यावर सोलापुरातले बहुतेक चेहरे निघतात. कागद गुळगुळीत पण दाणा असलेला, जाड. आणि तळहाताखाली कायम एक कोरा कागद ठेव, घामाचा डाग पडला की त्यावर रंग धरत नाही.

जेकार्ड

त्यात एक भर. आमच्याकडे आजूबाजूला यंत्रमाग, हवेत कापसाचं तूस कायम. ते कागदावर बसतं आणि पेन्सिलीखाली चिरडलं की बारीक पांढरे केस उमटल्यासारखं दिसतं. हाताने झटकू नका, रंग पसरतो. मऊ ब्रश ठेवा जवळ.

उन्हातलं_चित्र

टिकण्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझं मुलीचं एक चित्र हॉलमध्ये पश्चिमेच्या भिंतीवर होतं. फ्रेमवाल्याने साधी काच लावली, तीही थेट कागदाला चिकटवून. गालाचा आणि फ्रॉकचा गुलाबी पार उडाला, तपकिरी जसाच्या तसा. आता चेहरा आजारी दिसतो.

तेव्हापासून मी प्रत्येक पेन्सिलीची पट्टी काढतो, अर्धी काळ्या कागदाने झाकतो आणि उन्हाळाभर खिडकीत ठेवतो. कुठला रंग पळपुटा आहे ते आपल्याच घरात कळतं. गुलाबी आणि जांभळे बहुधा आधी पळतात, मातीचे रंग टिकतात. रंगीत पेन्सिलींच्या उजेडात टिकण्याचं एएसटीएम (प्रमाणं ठरवणारी संस्था) डी-6901 हे प्रमाण आहे. कॅरन दाश कंपनीच्या लुमिनान्स पेन्सिलींच्या नावापुढचा 6901 हा आकडा त्यावरूनच. पेन्सिली महाग आहेत, पण ऑर्डरच्या कामात निदान गुलाबी तरी त्यातला घ्यावा असं माझं मत. फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यात माउंटची (पुठ्ठ्याच्या चौकटीची) जागा सोडायला सांगा आणि चित्र थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका.

वडिलांची_मुलगी

ताई, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. तिने कपाटातला पत्र्याचा डबा काढला. त्यात वडिलांचा एक रंगीत फोटो सापडला, आजारपणाच्या कितीतरी आधीचा. स्कूटरवर बसलेत, मागे कंबर तलाव, बाह्या दुमडलेल्या. आई म्हणाली, हाच. पण फोटो सगळा लालसर झालाय. चालेल का?

कागदपेन्सिल

चालेल. जुने रंगीत प्रिंट असे लाल पडतात, कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो. नाक-डोळे, हसणं, बसण्याची ढब हे सगळं त्या फोटोवरून घेता येईल, रंग मात्र त्यावरून घेता येणार नाही. फोटोचा मोबाइलने फोटो काढू नका, दुकानात 600 डीपीआयवर स्कॅन करून आणा.

आणि रंगासाठी एक विचारते. घरात वडिलांच्या रंगावर कोण गेलंय? तुमचा भाऊ, काका, कुणीही. त्यांना सकाळी नऊच्या सुमारास दाराशी बसवा, चेहऱ्याची एक बाजू उजेडाकडे, आणि पाच-सहा फुटांवरून फ्लॅश न लावता फोटो काढा. बाह्या दुमडून हातांचाही एक. आईंना शेजारी उभं करा आणि विचारा, त्यांचा रंग याच्याहून गडद होता की फिका. त्या जे सांगतील ते लिहून पाठवा.

वडिलांची_मुलगी

मी. त्यांच्या रंगावर मीच गेलेय. उद्या सकाळी भावाला फोटो काढायला सांगते.